पाटाच्या काठचे झाड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



बायबलमध्ये दीडशे स्तोत्रांचा एक संग्रह आहे. हिब्रू भाषेत त्याला 'तेहिल्लीम' म्हणतात, म्हणजे स्तवने. मराठी बायबलमध्ये त्याचे नाव 'स्तोत्रसंहिता' असे आहे. त्यातल्या अगदी पहिल्या स्तोत्राविषयी आज बोलायचे आहे. हे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. गंमत अशी, की स्तवनांच्या या ग्रंथाच्या दारातच उभ्या असलेल्या या स्तोत्रात देवाला उद्देशून एक शब्दही नाही. मागणे नाही, गाऱ्हाणे नाही. दोन चित्रे तेवढी आहेत. एक पाण्याच्या काठी लावलेले झाड आणि दुसरे वाऱ्यावर उडून जाणारे भुसकट. दोन प्रकारची माणसे आणि त्यांचे दोन मार्ग, एवढाच विषय.

मी राहतो ओझरला. निफाड तालुक्यातले हे गाव बाणगंगेच्या काठचे. आमच्याकडे झाड म्हणजे काय, पाणी म्हणजे काय आणि भुसकट म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही समजावून सांगावे लागत नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत हे स्तोत्र लहानपणीच पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट नीट ऐकू येत नाही, असा आपला सर्वांचाच अनुभव आहे. हिब्रूचा मी काही पंडित नाही. मात्र मूळ शब्द आणि शब्दकोश शेजारी ठेवून हे स्तोत्र वाचायला लागलो, तेव्हा त्यातला एकेक शब्द आमच्या शिवारात येऊन उभा राहिला.

हिब्रू म्हटले की आपल्याला फार दूरची भाषा वाटते. पण महाराष्ट्राला ती अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची घरची बोली मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. पुढे पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण अनुवाद करताना त्यांनी हट्टाने साधी, सोपी मराठी वापरली. फारशी न शिकलेल्या बायाबापड्यांनाही तो कळावा, हा त्यांचा आग्रह होता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर त्यांनी हे काम हातावेगळे केले होते. तेव्हा हिब्रू शब्दाचा अर्थ मराठी माणसाने आपल्या अंगणात बसून शोधण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे.

आता स्तोत्राकडे वळू. पहिलाच शब्द आहे 'अश्रे'. मराठीत त्याचे भाषांतर 'धन्य' असे होते. हिब्रूत आशीर्वाद देण्यासाठी वेगळा शब्द आहे, 'बारूख'. 'अश्रे' हा आशीर्वाद नव्हे. तो कुणाकडे तरी पाहून आपसूक निघालेला उद्गार आहे. एखाद्या समाधानी, भरल्या घरातून बाहेर पडताना आपण म्हणतो ना, 'काय सुख आहे हो या माणसाचे!' तसा. शिवाय त्याचे रूप अनेकवचनी आहे. सुख एकच नाही, अनेक सुखे. संपूर्ण ग्रंथाची सुरुवात आज्ञेने किंवा धाकाने होत नाही, या कौतुकाच्या उद्गाराने होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

हा सुखी माणूस काय करत नाही, हे आधी सांगितले आहे. तिथे तीन क्रियापदे ओळीने येतात. चालणे, उभे राहणे, बसणे. वाईट सल्ल्याने चार पावले चालला, मग त्या वाटेवर थांबला आणि शेवटी तिथेच बैठक मारली. माणूस बिघडतो तो एका दिवसात नाही, हे किती साध्या शब्दांत आले आहे पाहा. ज्यांच्यात जाऊन तो बसतो त्यांना 'लेत्सीम' म्हटले आहे. लेत्सीम म्हणजे टवाळ, प्रत्येक गोष्टीची खिल्ली उडवणारे. खून-दरोडे घालणारे लोक नव्हेत. गावच्या पारावर किंवा चहाच्या टपरीवर बसून, जो कुणी काही चांगले करू पाहतो त्याची रेवडी उडवणारे लोक. स्तोत्रकर्त्याने पापाच्या उतरंडीत शेवटची पायरी यांना दिली, याचे आधी नवल वाटते, मग पटते. कारण पाप करणारा पुढेमागे पस्तावू शकतो. ज्याला सगळ्याच गोष्टी हसण्यावारी न्यायची सवय लागली, त्याला पस्तावायला जागाच उरत नाही.

मग तो सुखी माणूस करतो काय? त्याला परमेश्वराच्या 'तोरा'मध्ये आनंद वाटतो. मराठीत तोरा म्हणजे ऐट, मिजास. हिब्रू 'तोरा' अगदी उलट्या टोकाचा. आपल्याकडे त्याचे भाषांतर 'नियमशास्त्र' असे झाले आणि डोळ्यांसमोर कोर्टकचेरी उभी राहिली. पण तोराचा मूळ अर्थ शिकवण, दिशा दाखवणे. त्याच घराण्यातला 'मोरे' म्हणजे शिक्षक. आणि त्याच अक्षरांचा 'योरे' हा शब्द पहिल्या पावसासाठी वापरतात. तिकडे उन्हाळा पूर्ण कोरडा जातो आणि शरद ऋतूत पहिला पाऊस येतो, तो योरे. शिकवण आणि पहिला पाऊस हे शब्द ऐकायला इतके जवळचे असावेत, याचा आनंद आपल्यासारख्या मृगाची वाट पाहणाऱ्या लोकांना सहज कळेल.

या शिकवणीचे तो रात्रंदिवस 'मनन' करतो, असे आपण म्हणतो. मनन म्हटले की डोळे मिटून, मौन धरून बसलेली मूर्ती आठवते. मूळ क्रियापदात मात्र आवाज आहे. त्यापासूनच 'हिगायोन' हे नाम बनते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात सिंह शिकारीवर पंजा ठेवून गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद आहे. पारवा घुमतो, तिथेही हेच. म्हणजे हे मनन ओठांवरचे आहे, पुटपुटण्याचे आहे. आपल्याकडे पोथी वाचताना आजी जशी हलक्या आवाजात गुणगुणते, भाकरी थापताना जशी एखादी ओवी ओठांवर घोळते, तसे हे मनन. ते करायला आसन नको, एकांत नको. आमच्याकडे थ्री-फेज वीज कित्येकदा रात्रीच मिळते. मग बॅटरी घेऊन शेतकरी रात्री पाणी भरायला जातो. त्याच्या ओठांवर एखादे भजन असते. 'रात्रंदिवस' या शब्दाचा अर्थ त्याला विचारावा.

आता स्तोत्राच्या मध्यावर ते झाड येते. इथे दोन शब्द असे आहेत, की ज्यांच्यासाठी मी आज बोलायला बसलो.

पहिला शब्द 'शातूल'. आपण म्हणतो 'लावलेले' झाड. पेरण्यासाठी हिब्रूत वेगळा शब्द आहे, लागवडीसाठी सर्वसाधारण शब्दही वेगळा आहे. 'शातूल' हा बहुधा रोप एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी लावण्याचा शब्द. आजच्या हिब्रूतही 'श्तील' म्हणजे रोप आणि 'मिश्ताला' म्हणजे रोपवाटिका. म्हणजे हे झाड आपोआप तिथे उगवलेले नाही. कुणीतरी ते उचलून आणले, जागा निवडली, खड्डा खणला आणि पाण्याजवळ लावले. द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगायला नको. खुंटाचे रोप रोपवाटिकेतून आणायचे, ते रुजले की त्यावर हव्या त्या जातीची काडी कलम करायची. घड लागतात ते थॉमसनचे किंवा आणखी कुठल्या जातीचे. मातीत मुळे धरून, खारट पाणी आणि दुष्काळ सोसून उभा असतो तो खालचा खुंट. आपली म्हणून जी काही धन्यता आहे, तिच्या खाली असा कुणाचा तरी खुंट असतो.

ओझरमध्ये तर माणसेही शातूल आहेत. १९६४ साली इथे विमानांचा कारखाना आला. मिग विमाने बांधण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यातून तंत्रज्ञ आणि कामगार आले, त्यांची टाउनशिप उभी राहिली. कुणी आंध्रातून आले, कुणी केरळातून, कुणी पंजाबातून. मुळे उपटली जातात तेव्हा रोप काही दिवस मान टाकते. या माणसांनीही ती टाकली असणार. पण त्यांची पुढची पिढी इथेच रुजली, मराठी बोलू लागली. आपली मुले आज पुण्याला, बंगळूरला, परदेशात जातात, तेव्हा आईबापांनी हा शब्द आठवावा. उपटले जाणे हा शाप आहे की लागवड, हे कुठल्या पाण्याजवळ जाऊन लागलो यावर ठरते.

आणि दुसरा शब्द याच पाण्याचा. 'पल्गे मायिम'. मायिम म्हणजे पाणी. पल्गे हे 'पेलेग' शब्दाचे अनेकवचन, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे वाटणे, विभागणे. उत्पत्तीच्या पुस्तकात पेलेग नावाचा एक माणूस आहे. त्याच्या काळात पृथ्वीची विभागणी झाली म्हणून त्याला ते नाव पडले, असे तिथे सांगितले आहे. मग 'पल्गे मायिम' म्हणजे वाटून आणलेले पाणी. आपल्या भाषेत पाट, चाऱ्या. नीतिसूत्रांच्या पुस्तकात राजाच्या मनाला हाच शब्द वापरला आहे. शेतकरी दारे धरून पाणी हव्या त्या वाफ्यात वळवतो, तसे परमेश्वर राजाचे मन वळवतो, असा तिथला आशय. तेव्हा या स्तोत्रातले झाड जंगलातल्या एखाद्या ओढ्याकाठचे नसावे. ते कुणाच्या तरी श्रमाने काढलेल्या पाटाच्या काठचे आहे.

हे कळल्यावर ओझरच्या माणसाला वाघाड आठवल्याशिवाय राहत नाही. वाघाड धरण शेजारच्या दिंडोरी तालुक्यात. त्याच्या कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला, ज्याला पाटबंधाऱ्याच्या भाषेत 'टेल' म्हणतात, तिथे ओझर. कालवा कागदावर ओझरपर्यंत होता, पाणी मात्र पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र केले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजलेल्या पाण्याचे पैसे भरायचे, वाटप आपापसात ठरवायचे. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. राज्याने २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्याच्या कितीतरी आधी ओझरने हा धडा गिरवला होता.

'पेलेग' या शब्दाचा अर्थ मला यातून उमगला. पाण्याला पाट म्हणायचे, तर ते वाटले गेलेच पाहिजे. वरच्या शेतकऱ्याने दार उघडे ठेवून सगळे पाणी आपल्याच वावरात घेतले, तर खालच्याच्या दृष्टीने तो पाट कोरडा चर होतो. धार्मिक माणसाचेही असेच होते. कृपा, विद्या, पैसा, चांगले संस्कार हे सारे वरून कुठून तरी आपल्यापर्यंत वाहत आलेले असते. आपल्या बांधावर ते अडवले, तर झाड काही दिवस टवटवीत दिसेल, पण ते स्तोत्रातले झाड उरणार नाही. आपल्यापुढे टेलला कोण आहे, हे विचारणे हा मला या स्तोत्राच्या मननाचाच भाग वाटतो.

या झाडाविषयी स्तोत्र पुढे तीन गोष्टी सांगते. फळाविषयी एक, पानाविषयी एक आणि शेवटी यशाविषयी एक. ही तिसरी गोष्ट पचायला अवघड आहे.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपीट झाली, ती आपण विसरलेलो नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर पुन्हा निफाड तालुक्यात गारा पडल्या. वर्षभर लेकरासारखी जपलेली बाग अर्ध्या तासात झोडपून निघाली. घड फुटले, काड्या तुटल्या, खाली गारांचा आणि पानांचा खच. अशाच एका आपत्तीनंतर एका बागायतदाराने मला विचारले, 'सर, तुमच्या त्या झाडाचं सगळं चांगलंच होतं म्हणता. मग आमच्या बागेनं काय पाप केलं होतं?'

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारा माणूस एकतर शेतकरी नसतो, नाहीतर भाविक नसतो. मी त्या वेळी गप्प राहिलो आणि नंतर मूळ शब्दांकडे गेलो.

फळाबद्दल स्तोत्र म्हणते 'इत्तो', म्हणजे त्याच्या त्याच्या वेळी. सतत नव्हे. द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घड धरत नाहीत, नुसती पाने आणि काडी वाढते. नवख्या माणसाला वाटेल, हे महिने वाया गेले. पण त्याच काळात काडीवरच्या डोळ्यांत, कुणालाही न दिसता, पुढच्या घडांची निर्मिती होत असते. ऑक्टोबर छाटणीनंतर बाहेर येते ते तेव्हा आत घडलेले असते. फळाला ऋतू आहे. पान मात्र कोमेजणार नाही, असे स्तोत्र म्हणते. म्हणजे कायमचे अभिवचन आहे ते जिवंतपणाचे.

उरला यशाचा शब्द, 'यत्स्लीअख'. हातात घेतलेले काम सफल होणे, असा त्याचा अर्थ. याच अक्षरांचे क्रियापद शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात यार्देन नदीतून वाट काढत जाण्यासाठी आले आहे. आपल्या मराठीत नेमका असाच शब्दप्रयोग आहे, 'तडीस जाणे'. तड म्हणजे काठ. पलीकडच्या काठाला लागणे, हे आपल्याही भाषेत यशाचे नाव आहे. आणि काठाला लागायचे, तर मध्ये नदी असणारच.

त्याहून बोलका दाखला योसेफाचा. त्याच्या हातून जे होई ते परमेश्वर सफल करी, असे उत्पत्तीच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात म्हटले आहे, जवळजवळ या स्तोत्रातल्याच शब्दांत. हे कुठे म्हटले आहे? योसेफ खोट्या आळापायी तुरुंगात पडला आहे, तिथे! राजवाड्याला अजून बराच अवकाश आहे. यिर्मया संदेष्ट्यानेही पाण्याकाठच्या झाडाचे हेच चित्र काढले, हाच शातूल शब्द वापरला, आणि त्यात दुष्काळाचे वर्ष स्पष्ट घातले. झळा येतील, पाऊस नसेल, पण ते झाड चिंतेने करपणार नाही, असे तो म्हणतो. त्या यिर्मयाला पुढे लोकांनी चिखलाच्या हौदात सोडले होते. त्याला फुकटचा दिलासा द्यायची सवय नव्हती.

त्या बागायतदाराला मी नंतर एवढेच सांगितले, की गारा पडणार नाहीत, असे हे स्तोत्र म्हणत नाही. आणि ज्याच्यावर पडल्या तो पापी, असे तर मुळीच म्हणत नाही. मुळाशी पाणी असेल, तर छाटल्यावर पुन्हा फुटवा येतो, असे ते म्हणते. तो म्हणाला, 'फुटवा तर आलाय.' मग आम्ही दोघेही काही बोललो नाही. त्याचे कर्ज होतेच, नुकसान होतेच. शब्दाच्या अर्थाने हप्ता भरता येत नाही. शेजाऱ्यांनी पुढे यावे लागते, सरकारने यावे लागते. पुन्हा पाटाचीच गोष्ट.

झाडाच्या समोर स्तोत्रात भुसकट ठेवले आहे. हिब्रूत 'मोत्स'. खळ्यावर मळणी झाली, की वाऱ्याच्या दिशेने उभे राहून धान्य उफणायचे. दाणा वजनाने खाली पडतो, फोलकट उडून जाते. उडवणारा वारा म्हणजे 'रूअख'. हिब्रूत श्वासालाही रूअख म्हणतात आणि देवाच्या आत्म्यालाही. ज्या शब्दाने जीव येतो त्याच शब्दाने भुसकट उडते. फरक वाऱ्यात नसतो, आत दाणा आहे की नाही यात असतो. यात कुणा दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येकाच्या दिवसभराच्या बोलण्यात, कामात दाणाही असतो आणि भूसही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ते जरा उफणून पाहावे.

शेवटच्या वचनात परमेश्वर नीतिमानांचा मार्ग 'जाणतो', असे म्हटले आहे. क्रियापद आहे 'यादा'. ही माहिती असण्याची जाण नाही. बायबलमध्ये पती-पत्नीच्या जवळिकीलाही हाच शब्द येतो. आई न बोलता लेकराचे दुखणे जाणते, तसे हे जाणणे आहे. माणसाला यश हवे असते, पण त्याहूनही आपले कष्ट कुणीतरी जाणावेत, याची त्याला जास्त भूक असते. कालव्याच्या टेलला, रात्री दोन वाजता, थंडीत दारे धरणाऱ्या माणसाची वाट कुणाला तरी ठाऊक आहे, एवढे स्तोत्र सांगते. दुसऱ्या मार्गाविषयी त्याचा शेवटचा शब्द 'तोवेद' आहे, म्हणजे नाहीसा होतो, विरून जातो. जाणकार असे दाखवतात, की पहिल्या 'अश्रे'चे आद्याक्षर 'आलेफ' हे हिब्रू वर्णमालेतले पहिले अक्षर, आणि शेवटच्या 'तोवेद'चे आद्याक्षर 'ताव' हे शेवटचे. सहा वचनांत मुळाक्षरे संपतात, म्हणजे सांगण्यासारखे सगळे सांगून झाले.

आपण कुठल्याही धर्माचे असा, आपापल्या घरचे एखादे स्तोत्र, एखादा अभंग, एखादी आयत आपल्याला पाठ असेलच. तो या आठवड्यात एकदा हळू आवाजात, ओठ हलवत म्हणून पाहा. एकेका शब्दापाशी थांबा आणि तो आपल्या गावात, आपल्या शिवारात कुठे सापडतो ते शोधा. सापडला, की त्याचे पाणी पुढच्या वाफ्याला जाऊ द्या.